जागा धरताना: मैफल, नाटक आणि पहिलं चित्र

मराठीत ‘जागा’ हा शब्द फार कामाचा आहे. बसतो ती जागा. गाणारा एखादी हरकत अशी घेतो की ऐकणाऱ्याच्या तोंडून नकळत ‘वा’ निघून जातं, तीही जागाच. नेमकं किती थांबलं की हशा येतो हे नटाला उमगतं, तेव्हा त्याला संवादातली जागा सापडलेली असते. आणि विकत घेतलेलं चित्र घरी आलं की पहिला वाद होतो तो जागेवरूनच.

या वाटेला नव्याने लागलेले लोक बहुधा विचारतात, आधी काय वाचू? मी उलट विचारते, बसणार कुठे? राग, सिम्फनी, अंक, शैली हे सगळं हळूहळू कळत जातं. पण चुकीच्या जागी बसून ऐकलेलं उत्तम गाणंही कंटाळवाणं होतं आणि माणूस ठरवून टाकतो की हे आपल्यासाठी नाही. अशी परत फिरलेली माणसं मी बरीच पाहिली आहेत. त्यांचे कान चांगले होते, खुर्ची वाईट होती.

म्हणून खालच्या पायऱ्या जागेपासून सुरू होतात.

पहिली पायरी: लहान सभागृह शोधा

पहिला कार्यक्रम निवडताना मोठ्या नावामागे धावू नका. मोठं नाव मोठ्या जागेत असतं, आणि तिथे आपण बहुतेक वेळ बाजूच्या पडद्याकडेच बघत बसतो. भरताच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय प्रेक्षागृह कसं बांधावं याला दिलेला आहे. माणसांसाठी तिथे मध्यम आकार सांगितलाय, ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद. त्याहून मोठं बांधलं तर बोललेलं नीट ऐकू येत नाही आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत, असं कारणही दिलंय. हात म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर धरला तर ही लांबी सुमारे २९ मीटर होते, आणि त्यातली अर्धी रंगमंच आणि त्यामागच्या नेपथ्यगृहाकडे जाते. म्हणजे प्रेक्षकांच्या वाट्याला जेमतेम १५ मीटर. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही नटाची भुवई दिसावी, असा हिशोब त्यामागे असणार. तुम्हीही दोन-तीनशे खुर्च्यांचं सभागृह शोधा आणि तिथे कोण गातंय, कोण खेळ करतंय ते नंतर बघा.

आधी वाचून जावं का? जुनं नाटक, परकी भाषा किंवा ऑपेरा असेल तर गोष्ट जरूर माहीत करून घ्या, रहस्य फुटेल ही भीती नको. नवं नाटक असेल तर परीक्षणसुद्धा वाचू नका. संगीताचं म्हणाल तर ध्वनिमुद्रण एकदा ऐकून जा, दहादा नको. दहादा ऐकलं की समोरचा माणूस गात असतो आणि आपण त्याला मनातल्या रेकॉर्डशी ताडत बसतो.

कपड्यांची चिंता करू नका. सळसळणारं आणि खणखणणारं काही अंगावर नसलं की झालं.

दुसरी पायरी: ऐकायची जागा

इथे जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकावर एक काम सोपवलं गेलं. फॉग कलासंग्रहालयाच्या व्याख्यानगृहात वक्त्याचं बोलणं समजत नव्हतं, त्यावर उपाय शोधायचा होता. तिथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंदांपर्यंत घुमत राही, म्हणजे वक्ता पुढच्या वाक्यात शिरला तरी मागचं वाक्य हवेत लोंबकळतंच. सॅबिनने सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायला सुरुवात केली. ऑर्गनची एक नळी वाजवायची, थांबवायची, आवाज विरायला लागलेला वेळ मोजायचा, आणखी गाद्या मांडायच्या, पुन्हा मोजायचं. कामाला निवडलेली वेळ मध्यरात्रीनंतरची, कारण दिवसा बाहेरच्या गोंगाटात काही मोजता येत नसे. सभागृहाचं आकारमान आणि त्यातल्या वस्तूंची आवाज पिण्याची ताकद यांचं गणित त्यातून निघालं, आणि १९०० मध्ये उघडलेला बोस्टनचा सिम्फनी हॉल त्या गणिताच्या आधारे बांधला गेला.

आपल्या उपयोगाची गोष्ट ही की गाद्या आणि माणसं, दोन्ही आवाज पितात. रिकाम्या सभागृहात कर्कश वाटलेलं गाणं सभागृह भरल्यावर मऊ होतं. लवकर पोचून साउंड चेक ऐकलात तर लगेच नाक मुरडू नका.

आता बसायचं कुठे? ध्वनिवर्धक नसलेला वाद्यवृंद असेल तर मधल्या रांगा, थोडं मागे. अगदी पुढे बसलात तर जवळची दोन-तीन व्हायोलिनं कानात भरतात आणि मागची बासरी हरवते. बाल्कनीच्या छताखाली खोलवर असलेल्या रांगा टाळा. सभागृहाच्या उंच छतावरून आणि भिंतींवरून परतून येणारा आवाज तिथे पुरेसा पोचत नाही. मी आयुष्यातला पहिला वाद्यवृंद अशाच रांगेत बसून ऐकला होता. ऐंशी माणसं जीव तोडून वाजवत होती आणि मला मात्र शेजारच्या घरात रेडिओ लागल्यासारखं वाटत होतं. वाईट म्हणजे मी त्याचा दोष संगीताला दिला आणि पुढे कित्येक वर्षं तिकडे फिरकले नाही. त्याच बाल्कनीच्या वर पहिल्या रांगेत बसले असते तर गोष्ट वेगळी असती, कारण वरची पहिली रांग ही बऱ्याच सभागृहांतली सगळ्यात चांगली ऐकायची जागा असते.

पियानो असेल आणि हात बघायचे असतील तर आपल्या डाव्या हाताला बसा. झाकण वाजवणाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे प्रेक्षकांकडे उघडतं, त्यामुळे आवाजापुरतं बोलायचं तर उजवीकडे बसलेल्यांचंही काही बिघडत नाही. चार-पाच जणांची मैफल असेल, मग ती चार तंतुवाद्यांची चौकडी असो की तंबोऱ्यावरचा ख्याल, तर जितकं पुढे जाता येईल तितकं जा. गाणाऱ्याने घेतलेला श्वास, तारेवर घासलेलं नख, गज उलटा फिरताना होणारी बारीक खरखर, हे ध्वनिमुद्रणातून बहुधा गाळलेलं असतं. तेच ऐकायला तर आपण घरून निघालो.

जुळवाजुळव चालू असताना गप्पा मारू नका. वाद्यवृंदात बहुधा ओबो हे फुंकवाद्य एक सूर देतं, साधारण ४४० हर्ट्‌झचा, आणि बाकीचे त्याला मिळवून घेतात. तंबोरा लागतानाही असंच काहीसं घडतं, सूर दुखरा असतो आणि मग एका क्षणी दुखायचा थांबतो. नवख्याच्या कानासाठी ही फुकट शिकवणी आहे. सुरात असणं म्हणजे काय हे कोणी समजावून सांगण्यापेक्षा ती दोन मिनिटं ऐकून जास्त कळतं.

ध्वनिवर्धक लावलेल्या कार्यक्रमात हिशोब उलटा. तिथे साउंड इंजिनिअरचं टेबल शोधा आणि त्याच्या जवळपास, शक्यतो पुढे, उभे राहा. तो माणूस जे ऐकतो त्यावरून सगळे आवाज जमवत असतो, म्हणजे कार्यक्रम खरं तर त्याच्या कानांच्या जागेसाठी बांधलेला असतो. अगदी मंचाला खेटून उभं राहिलं तर दोन्ही बाजूंचे स्पीकर डोक्यावरून जातात, ड्रम थेट अंगावर येतात आणि गायकाचे शब्दच कळत नाहीत. कोपरेही नकोत, खर्जाचा आवाज भिंतींपाशी साचतो.

आणि कान सांभाळा. दिवसभरात ८ तास ८५ डेसिबल ही कामाच्या ठिकाणी धरली जाणारी एक प्रचलित मर्यादा आहे, आणि त्यात दर ३ डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो. या हिशोबाने १०० डेसिबलला पंधराच मिनिटं उरतात, आणि रॉकच्या कार्यक्रमात १०० ही काही विशेष पातळी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा ठिकाणांसाठी पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असा मापदंड दिला. स्पंजचे साधे बोळे उंच पट्टीतला सगळा आवाज खाऊन टाकतात आणि गाणं गोधडीखालून आल्यासारखं होतं. संगीतकारांसाठी मिळणारे इअरप्लग सगळ्या पट्ट्या जवळपास सारख्या कमी करतात, ते घ्या. घरी परतल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर समजा, आज जास्त झालं.

टाळी कधी वाजवायची

नवख्या माणसाला सगळ्यात मोठी धास्ती याची. पाश्चात्त्य अभिजात संगीतात एका रचनेचे तीन-चार भाग असतात आणि आजकाल टाळी शेवटच्या भागानंतर पडते. सोपा उपाय म्हणजे वाद्यवृंदाच्या संचालकाचे हात खाली येऊन तो आपल्याकडे वळेपर्यंत थांबायचं.

पण हा नियम दगडावरची रेघ नव्हे. ३ जुलै १७७८ रोजी संगीतकार मोत्झार्टने पॅरिसहून वडिलांना पत्र लिहिलं. त्याची नवी सिम्फनी नुकतीच वाजली होती. पहिल्या भागाच्या मध्यावर त्याने एक तुकडा असा ठेवला होता की तो आवडणारच याची त्याला खात्री होती. लोक खरंच भारावले, वादन चालू असतानाच टाळ्यांचा गजर झाला, आणि तो तुकडा त्याने शेवटी पुन्हा आणला होता म्हणून तिथेही झाला. मोत्झार्टला या टाळ्यांचा राग आला नाही, तो खूष होता. आपल्या भाषेत सांगायचं तर त्याने जागा हेरून ठेवली होती. तेव्हा चुकून मधे टाळी वाजलीच तर ओशाळून जाऊ नका.

तिसरी पायरी: नाटक

नाटकाला पाचवी ते दहावी रांग, मध्यभागी. पहिल्या रांगेत मान वर करून बसावं लागतं, आणि मंच उंच असेल तर नटांची पावलं कापली जातात. पावलं का हवीत, असं वाटेल. पण घाबरलेला माणूस चेहरा सावरू शकतो, पावलं सावरणं त्याला जमत नाही, आणि चांगल्या नटाला हे ठाऊक असतं. नृत्य असेल तर सरळ बाल्कनीत जा, आकृत्या वरूनच दिसतात. तीन बाजूंनी प्रेक्षक असलेला मंच असेल तर कधी ना कधी नटाची पाठ तुमच्या वाट्याला येणार, तिची तक्रार करू नका. पाठीलाही अभिनय येतो.

भाषा कळत नसेल तर मंचाच्या वर भाषांतराच्या ओळी दाखवतात का ते तिकीट काढण्यापूर्वी विचारा. टोरंटोमध्ये कॅनेडियन ऑपेरा कंपनीने १९८३ साली ही सोय पहिल्यांदा केली आणि ती बघता बघता जगभर पसरली. अशा खेळाला पुढे बसू नका, वर ओळी आणि खाली माणसं असं करता करता मान अवघडते.

अंधारात फोन काढू नका, हे सगळेच सांगतात. त्यामागचं कारण फक्त शिस्त नाही. प्रेक्षागृहात काळोख करायची रीत तशी अलीकडची. ऑपेरा रचणाऱ्या वाग्नरने १८७६ मध्ये जर्मनीतल्या बायरॉइटला आपलं नाट्यगृह उघडलं तेव्हा तिथला काळोख लोकांना नवा होता, तोवर नाट्यगृहात एकमेकांना न्याहाळणं हाही येण्याचा एक हेतू असे. आता त्या काळोखात एक फोन उजळला की तो शेजाऱ्याच्या आधी मंचावरून दिसतो.

बघायचं कसं, याची एकच युक्ती सांगते. बोलणाऱ्याकडे कमी आणि ऐकणाऱ्याकडे जास्त बघा. संवाद कानाला कळतोच, डोळे मोकळे असतात, ते गप्प उभ्या असलेल्या नटाकडे लावा. तो खरंच ऐकतोय की आपली ओळ यायची वाट बघतोय, हे दोन मिनिटांत कळतं, आणि प्रयोग जिवंत आहे का तेही.

आणि जमल्यास तेच नाटक दुसऱ्यांदा बघा, महिन्याभराने. प्रत्येक खेळाला आपण ‘प्रयोग’ म्हणतो ते उगाच नाही. सुरुवातीच्या प्रयोगांत नट हशा येईल की नाही या धास्तीत पुढचं वाक्य घाईने बोलून टाकतात. पुढे त्यांना अंदाज येतो. ते हशा पूर्ण विरायची वाट बघत नाहीत, चढलेली लाट उतरायला लागली की वाक्य सोडतात. हे एकदा लक्षात आलं की मग प्रेक्षक म्हणून आपणही उगाच खिदळत रेंगाळत नाही, कारण आपल्या उशिराच्या हसण्याखाली पुढची ओळ चिरडली जाते.

घरी आल्यावर, झोपण्यापूर्वी, तीन ओळी लिहा. ‘छान होतं’ असलं काही नको. लक्ष कुठे उडालं, अंगावर काटा कुठे आला आणि कुठल्या खुर्चीवर बसलो होतो. शेवटची नोंद सगळ्यात उपयोगी, पुढच्या तिकिटाच्या वेळी ती काढून बघता येते.

चौथी पायरी: पहिलं चित्र

विकत घेण्याआधी बघायला शिका, आणि तेही पायांनी. प्रदर्शनात एक फेरी भरभर मारा, कुठेही न थांबता. मग ज्या एका चित्राची आठवण राहिली त्याच्यापाशी परत जा आणि दहा मिनिटं काढा. लांबून बघा, जवळ या, पुन्हा मागे जा. मार्क रॉथको हा चित्रकार आपल्या भिंतभर मोठ्या चित्रांपुढे प्रेक्षकाने अवघ्या १८ इंचांवर उभं राहावं असं सुचवायचा. १८ इंच म्हणजे ४५ सेंटिमीटर, भरताचा एक हात! एरवी चित्राच्या कर्णाच्या दीडपट-दुप्पट अंतर ठीक वाटतं, पण प्रत्येक चित्राची स्वतःची अशी एक फरशी असते आणि ती आपल्या पावलांना सापडते.

संग्रह करणं हे श्रीमंतांचं काम, असं वाटत असेल तर न्यूयॉर्कच्या हर्बर्ट आणि डोरोथी व्होगेल यांची गोष्ट ऐका. तो टपाल खात्यात पत्रं वर्गवार लावणारा, ती ग्रंथपाल. तिच्या पगारात घर चालायचं, त्याच्या पगारातून चित्रं यायची. नियम दोन: परवडायला हवं, आणि आपल्या एका बेडरूमच्या घरात मावायला हवं. १९६० च्या दशकात सुरू झालेला हा उद्योग चार हजारांहून जास्त कलाकृतींपर्यंत गेला, आणि १९९२ मध्ये त्यांनी तो संग्रह वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टकडे सोपवायचं ठरवलं. बिछान्याखालीसुद्धा चित्रं होती म्हणतात. एवढं करायची गरज नाही, पण त्यांचे दोन नियम चोरण्यासारखे आहेत. मी तिसरा जोडते: पहिल्या भेटीत विकत घ्यायचं नाही. आठवड्यानंतरही डोळ्यांपुढे येत असेल तर जा.

सुरुवात मुद्राचित्रांपासून, म्हणजे ठशावरून कागदावर उमटवलेल्या चित्रांपासून करा. एचिंग (आम्लाने कोरलेल्या पत्र्यावरून), लिथोग्राफ (दगडावरून), वुडकट (लाकडी ठशावरून) यांच्या मोजक्याच प्रती काढलेल्या असतात आणि प्रत्येक प्रत मूळच मानली जाते. खाली पेन्सिलीने ७/५० असं लिहिलेलं दिसलं तर पन्नासातली सातवी. क्रमांक लहान म्हणून प्रत भारी, असं सहसा नसतं, कारण ज्या क्रमाने छापल्या त्याच क्रमाने आकडे घातले जातात असं नाही. ड्रायपॉइंट हा प्रकार मात्र अपवाद. त्यात सुईने पत्रा ओरखडताना कडेला धातूची जी बारीक कोर उभी राहते तिच्यात शाई अडकून मखमली काळोखी रेघ उमटते, आणि प्रत्येक दाबाबरोबर ती कोर झिजत जाते. तिथे आधीच्या प्रती खरोखर जास्त गहिऱ्या. ए. पी. अशी अक्षरं असतील तर ती चित्रकाराने स्वतःसाठी ठेवलेली प्रत.

एक भिंग खिशात ठेवा. त्यातून फुलांसारखे मांडलेले रंगीत ठिपके दिसले तर समोर आहे ते ऑफसेट यंत्रावर छापलेलं पोस्टर, मग खाली सही कितीही झोकदार असो. ‘जिक्ले’ हे भारदस्त नाव इंकजेटवर काढलेल्या प्रतीला देतात. ती वाईट असते असं नाही, फक्त ती एचिंग नव्हे.

पावतीवर चित्रकाराचं नाव, शीर्षक, साल, माध्यम, आकार आणि प्रत-क्रमांक लिहून घ्या. लाजू नका. पैसे हप्त्यांनी दिले तर चालतील का, हेही विचारा, बऱ्याचदा हो म्हणतात. आणि लक्षात ठेवा, चित्र तुमचं झालं तरी त्याच्या प्रती काढायचा हक्क साधारणपणे चित्रकाराकडेच राहतो.

भिंतीवरची जागा

चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर यावा, संग्रहालयांत साधारण असंच लावतात. घरी आपण सगळेच चित्र जास्त वर टांगतो, का कोण जाणे.

उजेडाचं गणित कडक आहे. कागदावरच्या कामासाठी संग्रहालयं सुमारे ५० लक्स धरतात, तैलरंगांसाठी २०० च्या आसपास. खिडकीतून येणारं ऊन याच्या कितीतरी पट असतं, आणि उजेडाने केलेली इजा साचत जाते, चित्र अंधारात ठेवलं म्हणून भरून येत नाही. माझं पहिलं जलरंगातलं चित्र मी खिडकीसमोरच्या भिंतीवर लावलं होतं, दिसायला झकास म्हणून. सहा वर्षांनी चौकट बदलायला काढली तेव्हा माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या, काठाखाली बोटभर पट्टी दिसली, गर्द निळी. उरलेलं आकाश राखाडी झालं होतं आणि मला इतकी वर्षं तो चित्रकाराचा संयम वाटत होता.

कागदावरच्या चित्राला आम्लरहित माउंट लावून घ्या. माउंटमुळे काच कागदाला चिकटत नाही, तेही महत्त्वाचं. सेलोटेप कधीही नको, तिचा पिवळा डाग जात नाही. जपानी कागदाच्या बिजागऱ्या आणि गव्हाची खळ, हा जुना उपाय आजही वापरतात, कारण तो ओलावून सोडवता येतो. बाहेरच्या, ओल धरणाऱ्या भिंतीवर चित्र लावणं भागच असेल तर मागे बुचाचे छोटे तुकडे चिकटवा, म्हणजे हवा खेळती राहते.

अधूनमधून चित्र उतरवून त्याची पाठ बघा. तांबूस ठिपके, किड्यांची भुकटी, सैल झालेली तार, सगळं मागूनच आधी कळतं. तिथे जुन्या चिठ्ठ्या, शिक्के, प्रदर्शनाचे क्रमांक असतील तर ते काढू नका, चित्राचा प्रवास त्यांच्यातच लिहिलेला असतो. तुम्हाला काही नोंद करायची असेल तर चौकटीच्या लाकडावर करा, आणि मऊ पेन्सिलीने. कागदाच्या पाठीवर बॉलपेन चालवलं तर त्याचा दाब पुढून उमटतो.